नवीन मॉडेल काढायचंच तर कंपन्यांनी कुठलं काढावं?

सांधेवाला

मंडळी,

मॉडेल रेल्वे बनवणाऱ्या कंपन्यांच्या नव्या घोषणांची यादी आली की पहिल्या पानावर कोण असणार हे न उघडताच सांगता येतं. फ्लाइंग स्कॉट्समन, मॅलार्ड, नाहीतर बिग बॉय. तिन्ही इंजिनं मलाही आवडतात. पण जरा आकडे शेजारी शेजारी मांडून बघा. युनियन पॅसिफिकने बिग बॉय बनवून घेतली ती सगळी मिळून २५. मॅलार्ड ज्या ए४ वर्गातलं, त्या वर्गात ३५ इंजिनं. आता दुसरी यादी. ब्रिटनमध्ये शंटिंगचं (यार्डात डबे हलवणारं) डिझेल क्लास ०८, ९९६ बनली. जपानचं डी५१, १,११५. जर्मनीचं युद्धकाळातलं ५२ वर्गाचं मालगाडीचं इंजिन ६,००० च्या वर. आणि रशियाचं ई वर्गाचं वाफेचं इंजिन सुमारे ११,०००.

रेल्वे चालवली ती या दुसऱ्या यादीने. आपल्या लेआउटचंही, म्हणजे घरात मांडलेल्या छोट्या रेल्वेचंही, तेच आहे. एका मध्यम आकाराच्या लेआउटला एक रुबाबदार एक्स्प्रेस पुरते. पण यार्डात ढकलाढकली करणारं इंजिन लागतं, वाघिणी लागतात, गार्डाचा डबा लागतो, गिट्टी टाकणाऱ्या हॉपर वाघिणी लागतात, अपघाताच्या वेळी जाणारी क्रेन लागते. रुळांच्या देखभालीच्या गाड्या तर फार कमी निघतात, आणि निघाल्या तरी एकदाच निघून संपतात.

वाघिणींबद्दल आणखी एक. एकाच प्रकारच्या वाघिणी खऱ्या रुळांवर लाखांनी धावल्या, पण कंपनी ती काढते दोन नाहीतर तीन नंबरांत. वीस वाघिणींची मालगाडी लावली की तोच नंबर सात वेळा समोरून जातो. साचा तोच, रंग तोच, फक्त छपाई बदलायची आहे. एवढं केलं तरी मला नवीन मॉडेल मिळाल्यासारखं वाटेल.

तर धागा यासाठी: तुम्हाला कुठलं मॉडेल हवंय ते लिहा. नुसतं नाव नको. स्केल कुठलं, काळ कुठला, आणि ते आलं तर त्याच्याबरोबर काय चालवणार, हेही लिहा. मग वाचायला मजा येईल.

माझं मत: एचओमध्ये (१:८७ स्केल) छोटं शंटिंग इंजिन, दोन आसांचं, अगदी सावकाश रांगू शकणारं. सविस्तर नंतर लिहितो.

वाफाळ

धागा छान, पण पहिल्याच परिच्छेदाशी असहमत.

प्रसिद्ध इंजिनं निघतात म्हणूनच बाकीची निघतात. पोलादी साचा हा सगळ्यात मोठा खर्च. आधी मूळ आराखडे मिळवायचे, संग्रहालयात इंजिन शिल्लक असेल तर त्याचं लेझरने स्कॅनिंग, मग संगणकावर रेखाटन, मग नमुना, मग दुरुस्त्या, आणि शेवटी साचे. एक मॉडेल बाजारात येईपर्यंत वर्षं जातात. हा सगळा खर्च पहिल्याच खेपेत निघाला तर कंपनीची पुढच्या वेळी धाडस करायची तयारी होते. ज्याला रेल्वेत काडीचा रस नाही तोही मॅलार्डचं मॉडेल भेट म्हणून विकत घेतो. शंटिंगचं डिझेल भेट म्हणून कोणी घेत नाही, ते आपल्यासारखेच घेतात.

शिवाय प्रसिद्ध इंजिनाला रंग बरेच मिळतात. एकच इंजिन चार मालकांकडे गेलं, चार वेळा रंगलं. साचा एक, मॉडेलं चार. कंपनी आधी हेच बघते.

म्हणून मागणी करायची तर ती साच्याच्या भाषेत करावी असं मला वाटतं. ज्या वर्गाची इंजिनं भरपूर बनली, जी अनेक दशकं चालली, वेगवेगळ्या विभागांत वेगवेगळ्या रंगांत फिरली आणि ज्यांचं धुराडं, घुमट, कॅबच्या खिडक्या मध्येच कधीतरी बदलल्या, तो वर्ग मागा. साच्यात बदलते तुकडे बसवून त्याचे सात-आठ प्रकार निघतात. तुमचं ५२ वर्गाचं इंजिन असंच आहे: युद्धानंतर ते कितीतरी देशांत गेलं आणि प्रत्येक देशाने त्याच्यात आपापले फेरफार केले.

आता माझी मागणी. कुठल्याही देशाचं असो, मालगाडीचं टँक इंजिन, ०-६-० किंवा ०-८-० (म्हणजे सहा किंवा आठ चाकं, सगळी ओढणारी). टेंडर (कोळसा-पाण्याचा मागचा डबा) नाही, म्हणून वळणावर अडचण नाही. वजन सगळं चाकांवर, म्हणून ओढतंही छान. कोळशाच्या खाणीच्या फाट्यावर दिवसभर ये-जा करणारं. एचओ, १९३० ते १९६०.

फलाटक्रमांकशून्य

सांधेवाला यांना वाघिणींच्या नंबरांसाठी +१००. बाकी वाचतोय.

ब्रॉडगेज

माझी मागणी इंजिनाच्या आधी स्केलची आहे. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

१,६७६ मिलिमीटरचा म्हणजे साडेपाच फुटांचा रूळ भारतात आहे, पाकिस्तान, बांगलादेश आणि श्रीलंकेत आहे, अर्जेंटिना आणि चिलीमध्ये आहे. स्पेन आणि पोर्तुगालचा १,६६८, म्हणजे जवळजवळ तेवढाच. एवढ्या मोठ्या जगाची मॉडेलं आपण कशावर चालवतो? १६.५ मिलिमीटरच्या रुळावर, जो १:८७ मध्ये १,४३५ च्या स्टँडर्ड गेजसाठी आहे. हिशोब करा: १,६७६ ला ८७ ने भागलं की १९.२६ येतात. म्हणजे रूळ पावणेतीन मिलिमीटरने अरुंद. ओओच्या, म्हणजे ब्रिटिश मॉडेलांच्या, १:७६.२ मध्ये तर २२ मिलिमीटर हवेत, तिथे साडेपाचची तूट. समोरून बघितलं की लगेच कळतं. रुंद देहाचं इंजिन आणि खाली चाकं आत ओढलेली. ब्रॉडगेजच्या इंजिनाचा सगळा रुबाब त्याच्या बैठकीत असतो आणि नेमका तोच जातो.

यावर उपाय आहे, आणि तो नवीन रूळ न बनवता होतो. फुटाला तीन मिलिमीटर हे स्केल घ्या, म्हणजे १:१०१.६. साडेपाच फूट गुणिले तीन: बरोबर १६.५. कुठेही ओढाताण नाही. स्पेनच्या १,६६८ ला येतात १६.४२, म्हणजे तेही चालून जातं. हे स्केलही काही आजचं नाही, ट्राय-अँग या ब्रिटिश मॉडेल कंपनीने १९५७ मध्ये टीटी (एचओपेक्षा लहान मॉडेलं) काढलं ते याच स्केलमध्ये होतं, फक्त रूळ १२ मिलिमीटरचा होता. जगात सगळ्यात सहज मिळणारा रूळ, त्याचे सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जाते ते तुकडे), चाकजोड्या, मोटारी, सगळं १६.५ साठी तयार आहे. फक्त वरची बॉडी १:१०१.६ मध्ये हवी.

जागेचाही फायदा बघा. आयसीएफचा (चेन्नईच्या कारखान्याचा) डबा सुमारे २१.३ मीटर लांब. एचओमध्ये तो २४५ मिलिमीटर होतो, या स्केलमध्ये २१०. चोवीस डब्यांची गाडी एचओमध्ये ५.८८ मीटर, इथे ५.०४. फलाटाची लांबी पाऊण मीटरने कमी झाली तर लेआउट कुठल्या कुठे जातो.

आता इंजिनं. पहिलं डब्ल्यूसीजी-१. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने घाटांसाठी १९२८ पासून आणलेलं १,५०० व्होल्ट डीसीवरचं इंजिन, पुढे आणि मागे लांब नाक, मध्ये सांधा, चाकांना बाहेरून दांडे. रेल्वेत सगळे त्याला खेकडा म्हणायचे. स्विस क्रोकोडाइल या तशाच लांब नाकाच्या इंजिनाची मॉडेलं मेर्क्लिन ही जर्मन कंपनी कित्येक दशकं काढतेय आणि लोक ती घेत आले आहेत. हे त्याच घराण्यातलं इंजिन आहे. ज्याच्या कपाटात स्विस क्रोकोडाइल आहे त्याला याचं वावडं असायचं कारण नाही.

दुसरं डब्ल्यूपी, प्रवासी गाड्यांचं वाफेचं इंजिन. १९४७ ला पहिली खेप बॉल्डविनकडून आली, पुढे वर्गाची संख्या ७५५ वर गेली. पुढून गोळीसारखं नाक, त्यावर चांदणी. प्रत्येक शेडने आपापली नक्षी काढलेली. वाफाळ म्हणतात तसे एका साच्यातून किती प्रकार निघतील ते मोजा. आणि जोडीला डब्ल्यूजी, मालगाडीचं, २,४५०. डब्ल्यूपी आणि डब्ल्यूजीचे बरेच भाग मुळातच सारखे ठेवलेले होते, तर साच्यातही तो फायदा मिळेल.

तिसरारूळ

ब्रॉडगेज, हिशोब आवडला, पण स्केल बदललं की फक्त इंजिन बदलत नाही. १:८७ मध्ये घरं, पूल, मोटारी, माणसं, कुंपणं, दिव्याचे खांब, सगळं विकत मिळतं. १:१०१.६ मध्ये काय मिळणार? इंजिन आल्यावर त्याच्याभोवती गाव कुठून आणणार?

आणि कंपनी काय विचार करेल तेही बघा. एचओमध्ये काढलं तर ज्याच्याकडे जर्मन किंवा अमेरिकन लेआउट आहे तोही एखादं हौसेने घेईल. वेगळ्या स्केलमध्ये काढलं तर तो गेला.

ब्रॉडगेज

@तिसरारूळ, वास्तुरचनाकार आपली मॉडेलं १:१०० मध्ये बनवतात. त्यासाठी माणसं, झाडं, मोटारी, बाकं सगळं १:१०० मध्ये मिळतं. १:१०१.६ शी फरक दीड टक्का. सहा फुटांचा माणूस १८ मिलिमीटरऐवजी १८.३ होईल. झाडाला तर स्केल नसतंच. घरं आपण असंही पुठ्ठ्यातून आणि स्टायरीनमधून स्वतः बनवतोच.

दुसऱ्या मुद्द्याला मात्र माझ्याकडे उत्तर नाही. हौसेने घेणारा जर्मन लेआउटवाला जाईल हे खरं. पण जो वर्षानुवर्षं ब्रॉडगेजची वाट बघत बसलाय तो एक घेऊन थांबणार नाही, तो पूर्ण गाडी घेईल. मला वाटतं त्याचा विचार आधी व्हावा.

नऊमिलिमीटर

एन स्केलवाल्यांकडेही बघा. आमच्याकडे एकाच नऊ मिलिमीटरच्या रुळावर तीन स्केल नांदतात. युरोप आणि अमेरिका १:१६०, ब्रिटन १:१४८, जपान १:१५०. ब्रिटिश इंजिनं मुळात लहान, त्यात तेव्हाच्या मोटारी मावेनात म्हणून बॉडी मोठी केली. ओओचं झालं तेच इथे झालं. जपानच्या बहुतेक गाड्या १,०६७ च्या अरुंद रुळावरच्या, १:१५० मध्ये खरं तर सात मिलिमीटरचा रूळ हवा. शिनकानसेन (बुलेट ट्रेन) स्टँडर्ड गेजवर धावते म्हणून ती १:१६० मध्ये. म्हणजे एकाच कंपनीच्या दोन गाड्या शेजारच्या फलाटांवर उभ्या केल्या तर त्या दोन स्केलच्या असतात!

तरी आम्ही आनंदात आहोत, कारण एनमध्ये पूर्ण लांबीची गाडी लावता येते. सोळा डब्यांची शिनकानसेन एचओमध्ये लावायची तर दालन लागेल.

आता बॉडी मोठी करायची कारणं उरलेली नाहीत हे माझं म्हणणं. कोअरलेस (लोखंडी गाभा नसलेली) मोटार आता करंगळीच्या टोकाएवढी मिळते. डीकोडरसाठी (इंजिनातलं डिजिटल नियंत्रणाचं सर्किट) नेक्स्ट१८ नावाचा सॉकेट लहान बॉडीतही बसतो. तर ब्रिटिश एन आता १:१६० मध्ये सुरू करा. मला माहीत आहे, ज्यांच्याकडे १:१४८ चा साठा आहे त्यांना हे रुचणार नाही. पण हॉर्नबी या ब्रिटिश कंपनीने २०२२ मध्ये १:१२० चं टीटी जाहीर केलं तेव्हा बरोबर हेच केलं: युरोपात पूर्वीपासून चालत आलेलं स्केल आणि १२ मिलिमीटरचा रूळ, दोन्ही जसंच्या तसं उचललं. तिथे ब्रिटिश इंजिन आणि जर्मन इंजिन शेजारी उभी राहिली तर खरोखर जेवढा फरक होता तेवढाच दिसतो. एनमध्ये हे कोणीतरी करावं ही माझी एकमेव मागणी. इंजिन कुठलंही चालेल.

गार्डाचाडबा

मी डब्यांबद्दल बोलते, कारण डब्यांबद्दल कोणी बोलतच नाही.

इंजिन निघतं, वाजतगाजत निघतं. त्याच्यामागे लावायचे डबे मात्र त्या काळाचे, त्या रंगाचे मिळत नाहीत. मिळाले तर पहिल्या वर्गाचा एक, दुसऱ्या वर्गाचा एक. ब्रेकचा डबा नाही, डाकेचा डबा नाही, जेवणाचा डबा कुठल्यातरी दुसऱ्याच दशकातला. अशाने एकही संपूर्ण गाडी लागत नाही. कंपनीने इंजिन जाहीर करताना त्याच दिवशी एका खऱ्या गाडीची रचना जाहीर करावी. अमुक साली, अमुक गाडीला हे डबे, या क्रमाने होते, आणि ते सगळे आम्ही देऊ. मी पूर्ण गाडीसाठी थांबायला तयार आहे.

लांबीचं दुखणं वेगळंच. युरोपचा २६.४ मीटरचा डबा एचओमध्ये ३०३ मिलिमीटर व्हायला हवा. पण घरातली वळणं आवळ असतात म्हणून कोणी तो २८२ चा काढतं, कोणी २६४ चा. एकाच गाडीत तीन कंपन्यांचे डबे लावले तर तीन लांब्या. २६४ च्या डब्यात तर कधी कधी एक खिडकीच गायब असते. मी बाजूने बघत खिडक्या मोजणारी बाई आहे, मला ते खुपतं. ज्यांची वळणं आवळ आहेत त्यांच्यासाठी आखूड डबे असू देत, माझी हरकत नाही. पण नवीन साचा बनवताय तर पूर्ण लांबीचाच बनवा.

आणि दोन डब्यांमधलं अंतर! सरळ रुळावर बफर बफराला टेकलेले दिसले पाहिजेत. वळणावर कपलर (डबे जोडणारा आकडा) थोडा बाहेर सरकतो आणि सरळ आल्यावर परत आत जातो, ही यंत्रणा काही नवीन नाही. ती सगळ्या नव्या डब्यांना असायलाच हवी. दोन डब्यांच्या मधून पलीकडचा फलाट दिसायला लागला की गाडी गाडी वाटत नाही.

अवांतर: डब्यात माणसं बसवलेली का नसतात? दिवे लावतात, आणि दिव्यात रिकामी बाकं उजळतात. छपराला चार लोहचुंबक लावले की छप्पर काढता येईल आणि माणसं आम्हीच चिकटवू.

मीटरगेज

गार्डाचाडबा यांचं छपराचं म्हणणं फार पटलं. छपराच्या कडेला चाकूचं पातं घालून उचलताना प्लास्टिकच्या खुंट्या तुटतात, ते कायमचं थांबेल.

माणसांवरून आठवलं. माणसांच्या पाकिटांत फलाटावर सुटकेस घेऊन उभे असलेले प्रवासी भरपूर. काम करणारी माणसं कमी. रूळ उचलणारी टोळी, पहारीने गिट्टी ठासणारे, सांध्याला तेल घालणारा, दोन वाघिणींच्या मधे वाकून कपलिंग टाकणारा, धुराडं साफ करायला इंजिनावर चढलेला, राख काढणारा, कोळशाचं फावडं भरून अर्ध्या वळलेला फायरमन. हातात झेंडा घेतलेला गार्ड मिळतो, पण तो नेहमी सरळ उभा. खरा गार्ड डब्याच्या दारातून कमरेपासून बाहेर झुकलेला असतो. तोच एक पुतळा मिळाला तर माझी सगळी मालगाडी जिवंत होईल.

जुनंभांडार

नवीन मॉडेल नको. आहे त्याचे सुटे भाग द्या.

हे थोडं रागाने लिहितोय कारण एक चांगलं इंजिन कपाटात पडून आहे. आसावरचा प्लास्टिकचा दात्याचा गिअर तडकलाय. बारीक चीर, डोळ्याला दिसतही नाही, पण प्रत्येक फेरीला टक् असा आवाज येतो आणि इंजिन उचकी लागल्यासारखं चालतं. कारण सरळ आहे: गिअर आसावर घट्ट ठोकून बसवलेला असतो, प्लास्टिक वर्षानुवर्षं त्या ताणाखाली राहतं आणि एक दिवस दात्यांच्या मधे चिरतं. भाग इवलासा. तो मिळत नाही, कारण त्या मॉडेलची ती खेप संपली. कंपनी म्हणते नवीन खेपेची वाट बघा.

त्याहून वाईट म्हणजे जस्ताच्या ओतीव सांगाड्याचा रोग. मिश्रधातूत शिशाचा अंश गेला की तो सांगाडा काही वर्षांनी फुगतो, वाकतो, चिरफळतो आणि शेवटी हातात भुगा येतो. त्यावर औषध नाही, सांगाडाच बदलावा लागतो.

तेव्हा माझी मागणी अशी. मॉडेल काढताना गिअर, आस, सांगाडा, मोटार, कपलरची खाच यांचे सुटे भाग पहिल्याच खेपेत जास्तीचे बनवा. नाहीतर गिअरचं रेखाटन मोकळं करा, आम्ही ते छापून घेऊ. रेझिनच्या छपाईत दाते पुरेसे स्वच्छ येतात, पण माप मूळचं हवं. तुटक्या गिअरवरून माप घेणं म्हणजे अंदाज.

वाफाळ

@जुनंभांडार, तुमच्याशी शंभर टक्के सहमत. तोपर्यंत एक करता येईल: दात्यांची संख्या, बाहेरचा व्यास, आसाचा व्यास आणि गिअरची जाडी एवढं मोजा. बाहेरच्या व्यासाला दात्यांच्या संख्येत दोन मिळवून भागलं की मॉड्यूल (दात्याच्या आकाराचं माप) निघतं. साध्या सरळ दात्यांच्या गिअरसाठी हे सूत्र चालतं. ०.३, ०.४, ०.५ अशा ठरावीक मापात उत्तर आलं तर तो गिअर तयार मिळण्याची शक्यता चांगली, मग तो इंजिनांच्या दुकानातला नसला तरी चालतो. फक्त त्याचं भोक आसापेक्षा किंचित सैल ठेवा आणि चिकटवा, ठोकू नका.

जुनंभांडार

धन्यवाद. तडकलेल्या गिअरचा व्यास थोडा जास्त भरतो, पण दाते मोजून जवळचं मॉड्यूल धरता येईल. करून बघतो.

सांधेवाला

किती छान प्रतिसाद! आता कबूल केल्याप्रमाणे माझ्या शंटिंगच्या इंजिनाबद्दल.

दोन आसांचं छोटं डिझेल. दोन आसांतलं अंतर खऱ्यात अडीच मीटर धरा, एचओमध्ये २९ मिलिमीटर. अशी मॉडेलं पूर्वीही निघाली आहेत, पण ती बहुतेक सांध्यावर अडतात. का अडतात ते नीट बघितलं की कंपनीकडे काय मागायचं ते कळतं.

सांध्यात जिथे दोन रूळ एकमेकांना ओलांडतात तिथे बऱ्याच सांध्यांना प्लास्टिकचा तुकडा असतो. इंजिनाचं एक चाक त्यावर गेलं की त्या बाजूला वीज घेणारं एकच चाक उरतं. त्या चाकाखाली धुळीचा कण असेल, किंवा रूळ केसभर खाली असेल, तर संपलं. चार चाकं ताठ सांगाड्यात बसवली तर तीनच टेकतात, डुगडुगणाऱ्या चौरंगासारखी. मोठ्या इंजिनाला बारा चाकं असतात, त्याला पत्ताही लागत नाही. लहान इंजिन तिथेच थबकतं. मोटारीपासून चाकापर्यंतचा वर्म गिअर चाकाकडून उलटा फिरत नाही, त्यामुळे वीज गेली की इंजिन घरंगळत पुढेही जात नाही, खिळल्यासारखं उभं राहतं.

कंपन्या म्हणतात आम्ही फ्लायव्हील (मोटारीच्या दांड्यावरचं जड चाक) दिलंय. पण फ्लायव्हीलमधली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. वेग चौथाई केला की ऊर्जा सोळावा हिस्सा. एक्स्प्रेसला फ्लायव्हील उपयोगी, शंटिंगला नाही. शंटिंगचा वेग तरी किती? ताशी पाच किलोमीटर धरला तर एचओमध्ये सेकंदाला १६ मिलिमीटर. या वेगाला इंजिन न अडखळता चाललं पाहिजे, हीच माझी कसोटी.

म्हणून मला हवं ते असं: एक आस मधल्या टेकूवर डुलता, म्हणजे चारही चाकं कायम रुळावर. वीज चारही चाकांवरून. डीकोडरला जोडलेला कपॅसिटर आधीपासून बसवलेला, जो वीज गेल्यावर क्षणभर मोटार चालवेल. ट्रॅक्शन टायर एकही नको, कारण रबर लावलेल्या चाकावरून वीज मिळत नाही. वजनासाठी सांगाडा धातूचा, कॅब मोकळी, आत मोटार दिसता कामा नये. आणि दोन्ही टोकांना कपलरसाठी एनईएम ३६२ या युरोपीय मानकाची खाच बरोबर उंचीवर. खाच दिली आणि उंची चुकली तर वाघिणी वळणावर आपोआप सुटतात.

बाहेरून ते कुठल्या देशाचं दिसावं? खरं सांगायचं तर मला फरक पडत नाही. कारखान्यांच्या फाट्यांवर जी दोन आसांची इंजिनं फिरली ती एकमेकांशी इतकी मिळतीजुळती आहेत की रंग आणि दिवे बदलले की ती कुठेही खपतात. वाफाळ यांच्या साच्याच्या हिशोबातही हे बसतं.

तिसरारूळ

हे इंजिन मीही घेईन, आणि एक नाही. फक्त एक भर: ज्यांच्याकडे डीसीसी (डिजिटल नियंत्रण) नाही, साधा कंट्रोलर आहे, त्यांना त्या कपॅसिटरचा उपयोग होणार नाही, कारण व्होल्टेजच कमी-जास्त करून ते वेग बदलतात. त्यांच्यासाठी डुलता आस आणि चार चाकांची वीज एवढ्यावर ते चाललं पाहिजे. तेव्हा कपॅसिटर वेगळा काढता येण्यासारखा असावा.

सांधेवाला

बरोबर. यादीत टाकतो. ब्रॉडगेज, तुमच्या १:१०१.६ साठी याच इंजिनाचा खालचा भाग वापरता येईल का बघा. रूळ तोच १६.५, फक्त बॉडी तुमची.

ब्रॉडगेज

२९ मिलिमीटर म्हणजे १:१०१.६ मध्ये २.९५ मीटर. छोट्या शंटरला हे जरा लांब होतं, पण तीन मीटरच्या आसपास आसांतर असलेलं इंजिन शोधलं तर जमेल. अशा इंजिनाचा आराखडा कोणाकडे असेल तर कळवा, बॉडीचं रेखाटन मी सुरू करतो. खालचा भाग वेगळा विकत मिळावा ही माझी मागणी सांधेवाला यांच्या यादीला जोडतो. चालतं-फिरतं चेसिस सुटं मिळालं तर वरची बॉडी ज्याला जी हवी ती तो छापून घेईल.

नऊमिलिमीटर

सुटं चेसिस एनमध्येही! जपानमध्ये चेसिस सुटं विकायची पद्धत आहे आणि लोक त्यावर काय काय बसवतात. एनमध्ये दोन आसांतलं हे अंतर १६ मिलिमीटरच्या आत आलं तर अवघडच आहे, पण कपॅसिटर कॅबखाली न घालता मागे कायम जोडलेल्या एका छोट्या वाघिणीत घालता येईल, वीज त्या वाघिणीच्या चाकांवरूनही घेता येईल. म्हणजे एकूण आठ चाकं. हाही पर्याय यादीत ठेवा.

गार्डाचाडबा

आणि ती वाघीण निरनिराळ्या नंबरांत हवी, म्हणजे सांधेवाला यांचा पहिला मुद्दाही आला. कॅबमधला दिवा वेगळ्या बटणावर द्या. इंजिन चालताना तो बंद असतो, थांबल्यावर ड्रायव्हर कागद बघतो तेव्हा लागतो.